बारा तासांचा दिवस आणि माणसाचे काळीज

आमचे महाविद्यालय रात्रीचे आहे. संध्याकाळी सव्वासहाला पहिला तास सुरू होतो आणि विद्यार्थी दिवसभराची नोकरी उरकून येतात. गेल्या वर्षी १९११ चा फॅक्टरी कायदा शिकवीत होतो. फळ्यावर लिहिले, ‘प्रौढ पुरुष कामगार : दिवसाला कमाल बारा तास’. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, बारा तास म्हणजे कमी केले की वाढवले?” वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. भिवंडीकडच्या एका गोदामात तो पार्सले लावण्याचे काम करतो, आणि त्याचा प्रश्न खरोखरीचा होता.

वाचकहो, त्या दिवशी मी त्याला एका वाक्यात उत्तर दिले, “कमी केले”, आणि पुढे गेलो. पण घरी जाताना गाडीत तेच घोळत राहिले. बारा तास ही सवलत ठरावी, अशी वेळ या मुंबईत आली कशी? आणि त्या तासांचा माणसाच्या देहावर, विशेषतः काळजावर, काय हिशोब मांडला गेला? या दोन गोष्टींचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेला असतो. एक अर्थशास्त्राच्या, दुसरा वैद्यकाच्या. आज ते दोन्ही खण एकदम उघडून पाहू.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याची कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी उभारली, आणि दोन वर्षांत ताडदेवला चाती फिरू लागली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरीकडून, साताऱ्याहून, पुण्या-नगरच्या कोरडवाहू गावांतून माणसे आली. आता हे ध्यानात घ्या, की शेतावर राबणारा माणूस काही कमी राबत नव्हता. पेरणीच्या नि मळणीच्या दिवसांत तो पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतातच असे. पण त्याच्या कामाला ऋतू होता. दुपारची सावली होती, बैल दमले की माणूसही बसत असे. गिरणीचे इंजिन दमत नाही, आणि ते बसत नाही तोवर माणसालाही बसता येत नाही.

तरीदेखील त्या पहिल्या काळात एक मर्यादा आपोआप होती, ती सूर्याची. गिरण्या उजाडता सुरू होत आणि मावळता बंद पडत. म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा. सरासरी बारा तासांचे काम, आणि उन्हाळ्यात तेरा-चौदापर्यंत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. यंत्रे पुसायची असली म्हणजे रविवारी अर्धा दिवस बोलावणे आलेच.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे पोर आणि नऊ तास! हे वाक्य मी दर वर्षी वर्गात वाचतो, आणि दर वर्षी क्षणभर थांबतो. मोठ्या माणसांविषयी त्या कायद्यात अक्षर नव्हते. येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. या कायद्याला आपल्याकडच्या राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी विरोध केला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ही त्यांत होते. त्यांचे म्हणणे असे, की हा सारा मँचेस्टरचा डाव आहे, हिंदी गिरण्यांचे पाय ओढण्याचा. आणि खरे सांगायचे तर मँचेस्टरला आपल्या गिरणीकामगाराचा कळवळा आला होता असे मीही म्हणणार नाही. पण दोन गिरणीमालकांच्या भांडणात ज्याचा देह झिजत होता त्याला कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

विचारले ते एका माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८ चा. आमचा तो विद्यार्थी रोज ज्या गावातून येतो तेच हे गाव. लोखंडे टपालखात्यात होते, मग एका गिरणीत स्टोअरकीपर झाले, आणि तेथे जे डोळ्यांनी पाहिले त्यावर गप्प बसवेना म्हणून नोकरी सोडून ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला हा माणूस. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या, पाहा. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई.

या पाचांतल्या पहिल्या तीन मागण्या पैशाच्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्या विश्रांतीच्या आहेत. दीड आणा जास्त द्या, असे हे लोक म्हणत नव्हते. आम्हाला बसू द्या, असे म्हणत होते.

सहा वर्षे काहीच झाले नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, भर मैदानात! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांच्या मंडळाला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते, असा शेरा सरकारी अहवालात आहे. शेरा खरा असेल. पण आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो, ते त्याच बिनयादीच्या मंडळाच्या कृपेने. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या वाटेवरच्या गावांतून आलेल्या माणसाला त्या दिवसाचे निराळे महत्त्व सांगावे लागत नव्हते.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला, आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. हा अकराचा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लंडनला तो पुन्हा भेटणार आहे. प्रौढ पुरुषाला मात्र अजून मर्यादा नव्हती. १८९७ साली मुंबईच्या प्लेगात लोखंडे गेले.

आणि मग आली वीज. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्याचा अंमल संपला. कापडाला मागणी होती, भाव चढे होते. पहाटे पाचला भोंगा आणि रात्री आठ-नऊला सुट्टी, असे दिवस सुरू झाले. चौदा-पंधरा तास! काही गिरण्यांत कामगारांनी काम बंदही पाडले. पंधराला सहाने गुणा. आठवड्याचे नव्वद होतात. हा आकडा तुम्ही अलीकडे कोठे ऐकला असेल, तर ऐकला आहे. २०२३ साली एका नामवंत उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी नव्वदची आणि रविवारीही कामाची भाषा केली. तेव्हा मला १९०५ चे दिवे आठवले. आम्हा इतिहास शिकविणाऱ्यांची ही खोडच आहे, त्याला इलाज नाही.

सरकारने आधी एक समिती नेमली, मग १९०७ मध्ये एक कमिशन. या कमिशनमध्ये मद्रासचे एक डॉक्टर होते, टी. एम. नायर. एडिंबरोला शिकलेले. पुढे जस्टिस पक्षाचे एक संस्थापक म्हणून ते प्रसिद्धीस आले. पण मला ते आठवतात ते त्यांच्या भिन्नमतपत्रिकेसाठी. बहुमताचे म्हणणे असे होते, की प्रौढ पुरुषाच्या तासांवर थेट बंधन घालू नये, तो सज्ञान आहे. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरांचा निराळा वर्ग करावा आणि त्यांचे तास बारावर आणावेत. पोरे घरी गेली की गिरणी आपोआप थांबेल. मालकांची बाजू अशीही मांडली जाई, की आमचा कामगार सलग काम करतोच कोठे? तो मधूनमधून उठतो, विडी ओढतो, हौदावर जाऊन बसतो. डॉ. नायर यांनी हे उलटे वाचले. माणूस इतका उठतो, बसतो, रेंगाळतो, कारण त्याचा देह पंधरा तास पुरत नाही. रेंगाळणे हा आळस नव्हे, तो देहाने स्वतःपुरता काढलेला तोडगा आहे. त्यांचा आग्रह होता, की पुरुषालाही सरळ बारा तासांची मर्यादा घाला. वैद्यकाचा माणूस कमिशनवर असल्याने काय फरक पडतो त्याचे हे उदाहरण. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरती ती मर्यादा घातली. वर्गातल्या त्या मुलाला मी ‘कमी केले’ म्हणालो, ते हे.

आता काळजाकडे वळू.

त्या काळच्या गिरणीकामगाराच्या हृदयाविषयी आपणांस काय सांगता येते? जवळजवळ काहीच नाही, आणि तसे स्पष्ट म्हणणे बरे. त्या काळी मुंबईत माणूस मरे तो प्लेगाने, पटकीने, क्षयाने. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि ते दुखणे जिवंतपणी ओळखता येते, हे अमेरिकेतल्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी नीट मांडले तेच मुळी १९१२ साली. आपल्या बारा तासांच्या कायद्यानंतर एक वर्षाने! हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे आइंटहोव्हेन यांचे यंत्र तेव्हा नुकतेच कोठे कोठे पोहोचत होते. तेव्हा चाळीत एखादा धडधाकट गडी रात्रपाळीहून येऊन जिन्यातच कोसळला, तर लोक म्हणत, ‘भरल्या पोटी पाणी प्याला’, नाहीतर ‘काळजाने दगा दिला’. वैद्यही त्याहून फार वेगळे काही लिहू शकत नव्हता.

पहिली महत्त्वाची नोंद आली ती लंडनच्या बसगाड्यांतून. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१ हजार पुरुष नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी एकच, मार्ग एकच, धूर तोच. तरी बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक, आणि दुमजली गाडीचे जिने दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत कमी. बेस्टच्या जुन्या दुमजली गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना तो अरुंद जिना आठवेल. तीन वर्षांनी मॉरिस यांनी त्या नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तो चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मोठा! शिंप्याच्या वहीतून वैद्यकाचा पुरावा निघावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पण मॉरिस यांचा धडा बसण्याचा होता, तासांचा नव्हे.

तासांचा हिशोब अमेरिकेत मांडला गेला. १९५८ साली रसेक आणि झोहमन यांनी चाळिशीच्या आतल्या शंभर हृदयरोग्यांची चौकशी केली. त्यांतले २५ जण दोन-दोन नोकऱ्या करीत होते, आणि आणखी ४६ जण आठवड्याला साठ किंवा अधिक तास राबत होते. शंभर ही संख्या लहान आहे, आणि आजारी माणूस मागे वळून पाहताना कष्टच जास्त आठवतो, हा आक्षेप रास्त आहे. पण १९६० साली ब्यूएल आणि ब्रेस्लो यांनी कॅलिफोर्नियातील मृत्यूंची छाननी केली. ४५ वर्षांखालील, हलक्या उद्योगांत ४८ तासांहून अधिक काम करणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे दुप्पट आढळले. अठ्ठेचाळीस! आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातला आठवड्याचा आकडाही हाच. कायदा करणाऱ्यांपुढे हृदयाचा कसलाही अभ्यास नव्हता. १९१९ ची वॉशिंग्टनची आंतरराष्ट्रीय मजूर परिषद होती. तेथे ना. म. जोशी आपल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, आणि तेथे जगाला ४८ तास ठरले तेव्हा हिंदुस्थानला मात्र ६० वर ठेवले गेले. नंतर होता १९२० चा मुंबईचा मोठा संप, १९२२ चा कायदा, १९३४ चा ५४ तासांचा कायदा, आणि १९४६ ची दुरुस्ती. या शेवटच्या टप्प्याच्या वेळी मध्यवर्ती सरकारात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. भांडत भांडत माणसे ज्या आकड्यावर येऊन टेकली, तेथेच पुढे डॉक्टरांनी बोट ठेवले.

जपानची कथा थोडक्यात सांगतो. १९६९ साली तेथील एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रवानगी खात्यातला २९ वर्षांचा तरुण मेंदूच्या झटक्याने गेला. १९७८ साली तेत्सुनोजो उएहाता या डॉक्टरांनी अशा मृत्यूंना नाव दिले, ‘कारोशी’, म्हणजे अतिश्रमाने आलेले मरण. नाव मिळाले आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांना जोर आला. २००१ साली सरकारने कसोटी ठरविली : महिन्यात शंभर तासांचे ज्यादा काम, किंवा दोन ते सहा महिने सरासरी ऐंशी तास, आणि त्यानंतर हृदयाचा वा मेंदूचा झटका, तर कामाशी संबंध दाट समजावा. २०१४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला.

आणि आता तो अकराचा आकडा. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील दहा हजारांवर नोकरांवर १९८५ पासून नजर ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे, ‘व्हाइटहॉल’ नावाचा. २०११ साली त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की दिवसाला सात-आठ तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अकरा किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका ६७ टक्क्यांनी जास्त. १८९१ साली आपण स्त्रियांना दया म्हणून दिलेले अकरा तास ते हेच. आणि हे लोक तर खुर्चीवर बसून कागद लिहिणारे होते!

पुढे २०२१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी एकत्र गणित प्रसिद्ध केले. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज. ३ लाख ९८ हजार मेंदूच्या झटक्याने, ३ लाख ४७ हजार हृदयविकाराने. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी ताडून पाहता मेंदूच्या झटक्याचा धोका ३५ टक्के, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के अधिक. त्यांत एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. यांतले बहुतेक मृत्यू साठीनंतरचे आहेत. म्हणजे जास्तीचे तास चाळिशी-पन्नाशीत दिले जातात आणि त्यांची वसुली निवृत्तीनंतर होते. म्हणूनच मालकाला, सरकारला आणि खुद्द माणसालाही ती दिसत नाही. साठीनंतर कोसळलेल्या म्हाताऱ्याच्या कागदावर त्याच्या जुन्या हजेरीपटाचा उल्लेख कोण करणार?

हे घडते कसे, ते डॉक्टर मंडळी दोन वाटांनी सांगतात. कामाचा ताण सुटला नाही की शरीर लढाईच्या पवित्र्यात राहते. रक्तदाब रात्री उतरायचा तो उतरत नाही. ही एक वाट. दुसरी साधी : झोप कमी, चालणे नाही, जेवण वेळी-अवेळी, आणि जागे राहण्यासाठी चहा-विडी-तंबाखू. मला स्वतःला ही दुसरी वाट गिरणगावात फार ओळखीची वाटते. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. पाळी आठ तासांची. पण ज्यादा काम मिळाले की ते सोडीत नसत, कारण गावी पैसे पाठवायचे असत. त्यांच्या कानठळ्या बसलेल्या, बोटे पिवळी. साठी उलटल्यावर दोन वर्षांत ते गेले. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले होते. आता हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही, एका माणसावरून काही सिद्ध होतही नसते. आजीचे तास तर कोणी मोजलेच नव्हते. पहाटे चारच्या नळाच्या पाण्यापासून ते शेवटचे भांडे पालथे पडेपर्यंत ती उभीच असे, आणि तिला ना भोंगा होता ना रविवार.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. न्याय्य बोलायचे तर हे १९११ नव्हे. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, त्यावरच्या कामाला जादा मोबदला आहे, कामगाराची लेखी संमती हवी आहे. पण तिमाहीतल्या ज्यादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. तेरा आठवड्यांनी भागून पाहा. आठवड्याला अकरा तास पडतात. ४८ आणि ११ मिळून ५९. पूर्वीच्या ११५ नेही बेरीज सत्तावन्नाच्या जवळ जात होती, हेही लपवू नये. आता ५५ चा आकडा मी वर कोणत्या संदर्भात दिला, ते आपण पुन्हा पाहून घ्या. आणि लेखी संमतीविषयी विचारावेसे वाटते, की घरभाडे थकलेला माणूस तो कागद कितपत वाचून सही करतो? १९०७ चे कमिशनही हेच म्हणाले होते ना, की प्रौढ पुरुष सज्ञान आहे?

तो गोदामातला विद्यार्थी पुढल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर थांबला. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर आपला हिशोब मांडून आणला होता. गोदाम साडेनऊ तास. जाणे-येणे अडीच. महाविद्यालय तीन. घरी जेवून अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा-बारा, उठणे पाचला. “सर,” तो म्हणाला, “हे कॉलेजचे तीन तास कामात धरायचे की विश्रांतीत?” मी त्याला म्हणालो, तुला काय वाटते? त्याने थोडा विचार केला, पेन्सिलीने त्या तीनभोवती गोल काढला, आणि गोलापुढे काही न लिहिता वही मिटली. आठ वाजून एकावन्नची गाडी गाठायची होती त्याला.